छोटा आरओव्ही घेताय? कॅमेरा नंतर बघा, आधी वायर बघा

आधी हे कोणासाठी लिहितोय ते सांगतो. ज्यांना पाण्याखाली काहीतरी बघायचंय पण स्वतः उतरायचं नाहीये, म्हणजे बोटीचा तळ, धक्क्याचे खांब, धरणाच्या भिंतीची पाण्याकडची बाजू, मोठी टाकी, मत्स्यपालनाची जाळी असलं काही, आणि जे त्यासाठी रिमोटने चालणारं पाण्याखालचं मशीन, म्हणजे आरओव्ही, घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी. मी वापरतो ते एकट्या माणसाला उचलता येईल एवढं आहे, सहा थ्रस्टर म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, १०० मीटर खोलीचं रेटिंग, बॅटरी मशीनच्या पोटात, वर लॅपटॉप आणि गेम खेळायला असतो तसला कंट्रोलर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक या साइजच्या कुठल्याही मशीनला लागू पडतील, उगाच एकाच्या डोक्यावर खापर नको.

मत विचाराल तर मशीन चांगलंय, परत घ्यायची वेळ आली तर परत घेईन. फक्त जाहिरातीत जो ४के कॅमेरा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलाय तो माझ्या यादीत बराच खाली येतो. कामाचा दिवस चांगला जाणार की डोक्याला हात लावायची वेळ येणार हे ठरवते वायर.

वायर कशाला हा प्रश्न प्रत्येक जण विचारतोच, की आकाशातला ड्रोन बिनवायरचा उडतो मग पाण्यातल्याला हे शेपूट का. कारण साधंय, रेडिओ लहरी पाण्यात टिकत नाहीत, वायफायचा सिग्नल हातभर पाण्यातच मरतो, खारं पाणी असेल तर आणखी लवकर, आणि जीपीएस तर डोकं बुडालं की संपलंच. आवाज मात्र पाण्यात मस्त जातो, सेकंदाला साधारण १५०० मीटर, म्हणून आवाज आपटून परत येतो त्यावरून बघणारा सोनार चालतो, पण आवाजातून डेटा फार थोडा जातो, लाइव्ह व्हिडिओ बघत बघत मशीन चालवायचं तर त्यावर भागत नाही. बिनवायरची पाण्याखालची मशीन असतात की, पण ती आधी ठरवून दिलेल्या रस्त्याने स्वतःच फिरून येतात, त्यांना अधेमधे थांबवून "तो बोल्ट जरा जवळून दाखव" असं म्हणता येत नाही. आपल्याला नेमकं तेच म्हणायचं असतं.

माझ्या मशीनला वायरीतून फक्त डेटा जातो. आत तांब्याच्या तारांची एक पिळाची जोडी, दोन्ही टोकांना घरातल्या लाइटच्या वायरिंगमधून इंटरनेट फिरवणारे अडॅप्टर मिळतात ना त्याच जातीचे बोर्ड, भोवती ओढ सहन करायला केवलारचे धागे आणि बाहेरून हलक्या फोमचं वेष्टण, त्यामुळे वायर पाण्यात ना बुडते ना तरंगते, आहे तिथे लोंबकळत राहते. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. बुडणारी वायर तळाला जाऊन दगडाखाली अडकणार आणि तरंगणारी वर जाऊन बोटींच्या पंख्यात. पॉवर वरून येत नसल्यामुळे वायर बारीक राहते हा फायदा, आणि बॅटरी संपली की खेळ खल्लास हा तोटा. मोठ्या मशीनना पॉवर वरूनच देतात, पण तिथे व्होल्टेज खूप वाढवून पाठवतात आणि मशीनमध्ये उतरवून घेतात, कारण कमी व्होल्टेजने तेवढीच पॉवर पाठवायची तर करंट वाढतो आणि अर्धी पॉवर वायर तापवण्यातच जाईल.

आता बारीक म्हटलं तरी हिशोब करून बघा. ८ मिलिमीटर जाडीची १०० मीटर वायर पूर्ण पाण्यात आहे आणि प्रवाह आडवा आहे, तर प्रवाहासमोर उभं राहणारं क्षेत्र झालं ०.८ चौरस मीटर. माझ्या मशीनचा चेहरा जेमतेम ०.१ चौरस मीटर असेल. म्हणजे थ्रस्टरची ताकद मशीनला पुढे न्यायला कमी आणि वायर ओढायला जास्त खर्च होते, त्यात पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट. ब्रोशरमध्ये जो वेग लिहिलाय तो वायर जवळपास नसल्यासारखा धरून लिहिलाय असं माझं स्पष्ट मत आहे. अंगावर येणारं वाहतं पाणी असेल तर तो आकडा विसरा.

म्हणून वायर सोडणारा माणूस वेगळा लागतो. हे विकणारा सांगत नाही. एकाने चालवायचं मशीन म्हणून विकतात पण एक जण कंट्रोलरवर आणि एक जण वायरीवर असे दोन लागतातच, आणि वायरीवरचा जास्त शहाणा लागतो. ढील जास्त दिली की खाली वेटोळी पडतात, कमी दिली की मशीन ऐन मोक्याला झटका खाऊन मागे येतं आणि व्हिडिओत नुसती धूळ. शिवाय मशीन स्वतःभोवती एक पूर्ण फेरी फिरलं की वायरीला एक पीळ बसतो, तो स्क्रीनवर मोजून दाखवणारं सेटिंग आहे, ते चालू ठेवा आणि जितक्या फेऱ्या उजवीकडे झाल्या तितक्या डावीकडे मारून मगच वर या. खांबांच्या जंगलात तर नियम एकच, ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने बाहेर, समोर मोकळी जागा दिसली म्हणून पलीकडून निघालात तर वायर खांबाला मिठी मारून बसणार.

वायरीचा रीळ ही माझी मोठी तक्रार. बॉक्ससोबत आलेल्या रिळात स्लिप रिंग (रीळ फिरत असतानाही वायरीची जोडणी टिकवणारा भाग) नाही, म्हणजे रीळ फिरवायचा तर वायर लॅपटॉपच्या बाजूने काढायला लागते, मग काम चालू असताना गुंडाळणार कसं? शेवटी आम्ही रीळ बाजूला ठेवून वायर मोठ्या टबमध्ये इंग्रजी आठच्या आकारात टाकतो, गोल गोल टाकली तर पीळ पडतो, आठात टाकली तर पीळ आपोआप सुटत जातो. स्लिप रिंगवाला रीळ वेगळा विकत मिळतो. तो बॉक्समध्येच द्यायला हवा होता.

वायरीचं एवढं काय कौतुक असं वाटत असेल तर जुने किस्से बघा. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ अमेरिकेचं बी-५२ बॉम्बर आणि टँकर विमान हवेत धडकलं आणि एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. ॲल्विन या पाणबुडीने तो शोधला आणि शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकन नौदलाच्या कर्व्ह नावाच्या वायरवाल्या मशीनने तो साधारण ८७० मीटरवरून काढला, पण कसा, तर मशीन स्वतःच बॉम्बच्या पॅराशूटमध्ये गुरफटलं आणि मग दोघांनाही एकत्रच वर ओढून घेतलं! म्हणजे या धंद्यातलं गाजलेलं पहिलं मोठं काम गुंत्यासकट पार पडलंय. दुसरा किस्सा वाईट आहे. जपानचं कायको नावाचं असंच वायरवालं मशीन १९९५ मध्ये मारियाना गर्तेत १०,९११ मीटरपर्यंत जाऊन आलं, जगातल्या सगळ्यात खोल जागी, आणि तेच मशीन मे २००३ मध्ये शिकोकूजवळ काम करताना हरवलं. वरच्या लाँचरला जोडणारी वायर तुटली, लाँचर हाती लागला, मशीन गेलं ते गेलंच. ११ किलोमीटर पाण्याचा दाब पचवलेलं मशीन वायरीने घालवलं.

त्यातला लाँचर म्हणजे काय तेही सांगतो, कारण मोठ्या जहाजांवरची पद्धत हीच आहे. जहाजावरून पोलादी तारांचं कवच असलेली जाड केबल एक पिंजरा घेऊन खाली जाते, जहाज लाटांवर वरखाली होतं तो सगळा धक्का ती केबल आणि पिंजरा खातात, आणि पिंजऱ्यातून मग मशीन बारीक हलक्या वायरीवर थोडंसंच लांब जातं. त्यामुळे मशीनला किलोमीटरभर केबल ओढत बसायला लागत नाही. आपल्या छोट्या मशीनला पिंजरा कुठून आणणार, पण वायरीला खाली एक वजन बांधून तिथून पुढे दहा-पंधरा मीटरच मोकळी ठेवली तर निम्मा फायदा मिळतो. आम्ही प्रवाहात हेच करतो.

आता चालवायला कसं आहे. इथे मशीनला पैकीच्या पैकी. चार थ्रस्टर आडवे, प्रत्येक ४५ अंशात तिरका, त्यामुळे पुढेमागे तर जातंच पण तोंड न वळवता खेकड्यासारखं बाजूलाही सरकतं, भिंत तपासताना हेच हवं असतं. दोन थ्रस्टर उभे, वरखाली जायला. आत वळणं ओळखणारा जायरो आणि दाबाचा सेन्सर, दाबावरून खोली कळते कारण दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. खोली धरून ठेवायचा मोड लावला की हात सोडले तरी मशीन त्याच उंचीवर थांबतं, सुटसुटीत. सॉफ्टवेअर आर्डुसब आहे, ओपन सोर्स, म्हणजे कंपनी उद्या बंद पडली तरी मशीन डबा होणार नाही, हा मुद्दा घेताना नक्की बघा.

होकायंत्राने मात्र वैताग आणला. लोखंडी बोटीच्या तळाशी गेलं की दिशा भरकटते, सळ्या असलेल्या काँक्रीटजवळही तेच, आणि आपलं निम्मं काम तिथेच. त्या वेळी दिशा धरायचा मोड बंद करून हातानेच चालवायचं. आणि मशीन नेमकं कुठे आहे हा प्रश्न तर सुटलेलाच नसतो. खोली माहीत, तोंड साधारण कुठे ते माहीत, पण आपण भिंतीच्या या टोकापासून किती लांब आलो ते कळत नाही, सगळीकडे सारखंच काँक्रीट. यावर उपाय आहेत, तळावर आवाज आपटवून परत येणाऱ्या आवाजाच्या डॉप्लरवरून वेग काढणारं डीव्हीएल, किंवा बोटीवरून आवाजाने मशीनची दिशा आणि अंतर मोजणारी सिस्टीम, पण दोन्ही बॉक्समध्ये येत नाहीत आणि बजेटचं कंबरडं मोडतात. गरिबाचा उपाय म्हणजे वरून खुणांची दोरी सोडायची, दर मीटरला रंगीत टेप, आणि ती फ्रेममध्ये ठेवून व्हिडिओ घ्यायचा. रिपोर्ट वाचणाऱ्यालाही तेच सोपं पडतं.

मशीन पाण्यात किंचित तरंगणारं ठेवायचं असतं, म्हणजे पॉवर गेली तर आपोआप वर येतं. याचा आणखी एक फायदा नंतर लक्षात येतो. तरंगायला बघणाऱ्या मशीनला खाली दाबून ठेवायला थ्रस्टर पाणी वर फेकतात, म्हणजे तळाचा गाळ उडत नाही. तेच जड झालं तर थ्रस्टर पाणी खाली फेकणार आणि दोन सेकंदात समोर चहाच्या रंगाचा पडदा. फक्त गोड्या पाण्यातून खाऱ्यात किंवा उलट जाताना वजनं बदलायला विसरू नका, समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, १२ किलोच्या मशीनला ३०० ग्रॅमचा फरक पडतो. छोटा आकडा वाटतो पण समुद्रात नीट तरंगणारं मशीन तलावात तेवढ्यानेच बुडतं. फोमही विचारून घ्या. साधा फोम खोलीवर दबतो आणि तरंगणं कमी होतं, काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे रेझिनमध्ये घालून बनवलेला फोम दबत नाही.

कॅमेरा. हो, आहे चांगला. स्वच्छ पाण्यात व्हिडिओ बघून लोक आ वासतात. पण आपली कामं जिथे निघतात तिथे पाणी स्वच्छ असतं कुठे? गढूळ पाण्यात ४के म्हणजे गाळाचे कण ४केमध्ये. लाइट पूर्ण लावला तर उलट पांढरं होतं, धुक्यात गाडीचा हाय बीम मारल्यावर जे होतं तेच, कारण कणांवरून प्रकाश परत लेन्समध्ये येतो. म्हणून लाइट कॅमेऱ्यापासून जितके लांब बाजूला असतील तितकं बरं, या मशीनमध्ये ते कॅमेऱ्याला खेटून आहेत, आम्ही दोन्हीकडे आडव्या पट्ट्या लावून लांब नेले तर फरक लगेच दिसला. लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरातच गिळतं, त्यामुळे गंज बघायचा असेल तर स्वतःचा लाइट घेऊन अगदी जवळ जायला लागतं, लांबून गंज आणि शेवाळ दोन्ही सारखंच काळपट हिरवं दिसतं. दोन समांतर लेझर ठिपके मात्र जरूर घ्या, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं त्यामुळे भेग किती रुंद आहे ते फोटोवरून काढता येतं, नाहीतर स्क्रीनवर करंगळीएवढी आणि मनगटाएवढी भेग एकसारखीच दिसते.

खोल समुद्रातले व्हिडिओ बघून बरेच जण कॅमेऱ्याच्या प्रेमात पडतात ते मला माहितीये. मार्च २०२५ मध्ये साउथ सँडविच बेटांजवळ सुबॅस्टियन नावाच्या आरओव्हीने ६०० मीटरवर जिवंत कोलोसल स्क्विड पहिल्यांदाच टिपला, ३० सेंटिमीटरचं पिल्लू, काचेसारखं आरपार. बघाच. पण ते मशीन ४५०० मीटरचं आहे, त्याच्यामागे अख्खं संशोधन जहाज उभं असतं आणि तिथलं पाणी वेगळं.

कॅमेऱ्याचे पैसे वाचवता आले तर इमेजिंग सोनारला लावा. गढूळ पाण्यात जिथे हात दिसत नाही तिथे सोनारवर वीस-तीस मीटर पुढचे खांब दिसतात. वाचायला शिकायला लागतं, ते चित्र फोटोसारखं नसतं, वस्तूपेक्षा तिच्या मागची सावली जास्त बोलते, लांब सावली म्हणजे उंच वस्तू. पण एकदा डोळा बसला की आधी सोनारने जवळ जायचं आणि शेवटच्या अर्ध्या मीटरला कॅमेरा, अशी सवय लागते.

सीलबद्दल थोडक्यात पण कान देऊन ऐका. १०० मीटरवर कॅमेऱ्यापुढच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या घुमटावर सुमारे ८०० किलोचा जोर असतो, आणि तो अडवायला एक रबराची ओ-रिंग. गंमत म्हणजे दाब वाढला की ती खाचेत आणखी घट्ट बसते, त्यामुळे ढिलं सील बरेचदा वरच्या काही मीटरातच गळतं. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पुरे. बॉक्समध्ये हातपंप येतो, बंद केल्यावर आतली हवा ओढून पंधरा मिनिटं काटा हलत नाही ना ते बघायचं, मगच पाण्यात. वर सगळे "चला चला" करत असतात तेव्हाही. दमट हवेत उघडून बंद केलं आणि गार पाण्यात सोडलं तर घुमटाला आतून वाफ धरते, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मोटरना सील नाहीच, पाणी थेट आत जातं, वाइंडिंगवर रेझिनचा थर असतो, ही मस्त कल्पना आहे, जे बंदच नाही ते गळणार काय! मिठाच्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून फिरवा एवढंच.

पुढे एक पकड आहे, उघडते आणि मिटते, बस. मनगट नाही, कोपर नाही. दोरी पकडून वर आणायला चालते, बोल्ट फिरवायला नाही. ज्या मशीनचे हायड्रॉलिक हात कामं करतात ती टनावारी वजनाची असतात. २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलाच्या रिगची विहीर फुटली ती साधारण १५०० मीटर पाण्याखाली, तिथे पाण्यात उतरून माणूस काम करूच शकत नाही, व्हॉल्व्ह फिरवायचा प्रयत्न, पाइप कापणं, २० एप्रिलच्या स्फोटापासून १५ जुलैला गळती थांबेपर्यंत जे काही हातांनी व्हायचं ते तसल्या आरओव्हींनीच केलं. ते डोक्यात ठेवून आपल्या मशीनकडून अपेक्षा ठेवू नका.

कुठे घालू नये तेही सांगतो. गेटची फट, पंपाचं तोंड, पाणी ओढणारी कुठलीही जागा. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत १० मीटरचा फरक असेल आणि फूटभर लांबी-रुंदीचं भोक असेल तर जवळजवळ ९०० किलोची ओढ असते, आणि जवळ जाईपर्यंत काहीच जाणवत नाही. मशीन तिथे चिकटलं तर चिकटलं. पण पाणबुड्याचा जीव तिथेच जातो, आणि त्याला पाठवण्याआधी मशीन पाठवता येतं या एका कारणासाठी मला या खरेदीचं वाईट वाटत नाही.

सर्व्हिस ठीकठाक. फर्मवेअरच्या प्रश्नांना उत्तर पटकन येतं, सुट्या थ्रस्टरला फार वाट बघायला लागली नाही, पण वायर मशीनमध्ये शिरते त्या जोडाचा सुटा भाग मागितला तर महिने गेले, आणि सगळ्यात आधी झिजणारी जागा तीच. तिथे ओढ जोडावर न येता फ्रेमवर यावी म्हणून वायर आधी फ्रेमला पकडीने बांधायची असते, मॅन्युअलमध्ये याचं एक छोटंसं चित्र आहे, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी.

सध्या हातात थोडे पैसे आहेत आणि डीव्हीएल घ्यायचं की दुसरी, थोडी लांब वायर स्लिप रिंगच्या रिळासकट घ्यायची असा घोळ चाललाय. बाकीच्यांचं मत डीव्हीएल, मी वायरची ऑर्डर टाकतोय.